कावळ्याला सांगितलेली नावं

रक्षाविसर्जनाच्या सकाळी कावळा शिवेना. पानावर भात होता, वरण होतं, वाटीभर भडंग होतं, कपात चहा होता. कावळे समोरच्या पत्र्यावर बसून होते, पण खाली उतरत नव्हते. धाकट्या दिरांनी हात जोडून सांगितलं, "दादा, वैनीची काळजी करू नगंस, आम्ही हाय." कावळे हलले नाहीत. कुणीतरी म्हणालं, घराच्या कर्जाचं सांगा. कर्ज तर कधीच फिटलं होतं. कुणी म्हणालं, मुलगी परदेशातून पोचली नाही, तिचं नाव घ्या. तेही घेऊन झालं. नदीवरून गार वारा येत होता आणि माणसं हळूहळू घड्याळं बघायला लागली होती.

तेव्हा पैलवान पुढे गेले. हे माझ्या पतींचे लहानपणापासूनचे मित्र. तरुणपणी तालमीत होते, पुढे दूध संघात नोकरी केली, पण पेठेत सगळे त्यांना पैलवानच म्हणतात. ते पानाजवळ वाकले, पुटपुटत काहीतरी बोलले आणि मागे सरले. एक कावळा लगेच उतरला आणि भडंगात चोच घालून गेला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र पैलवानांकडे बघत राहिले. माझं नाव घेऊन जे झालं नाही, ते पैलवानांच्या कोणत्या शब्दाने झालं?

माझ्या पतींना मी चारचौघांत नेहमी 'हे' म्हणत आले. इथेही तेच लिहिते, दुसरं काही लिहायला हात धजत नाही.

हे शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लाकडाचे साचे करायचे. कामावर सायकलने जायचे आणि सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्याचा चढ सायकलने चढून यायचे, तेही साठी उलटल्यावर. जुलै महिना आला की आमच्या घरात फ्रान्समधली ती तीन आठवड्यांची सायकल शर्यत सुरू व्हायची. मोबाइलवरचं चित्र टीव्हीवर लावायचं, संध्याकाळी पैलवान यायचे, आणि शर्यत सुरू होण्याआधी दोघांनी आपापली तीन नावं सांगायची. शेवटी पहिल्या तिघांत ज्याची जास्त माणसं, तो जिंकला. हरणाऱ्याने दूध कट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं दूध पाजायचं.

दूध नेहमी पैलवानांनी पाजलं. कारण ते सायकलवाल्यांना कुस्तीचा जोड बघावा तसे बघत.

"मांडी बघ की मर्दा, मांडी! खांब हाय खांब."

"तो खांब सपाटीवर पळणार," हे म्हणायचे. "घाट लागला की खांबाचं वजन कोण उचलणार? तुझा बा?"

"मग काय ह्या काटकीला निवडू? फुंकर मारली तर उडंल."

"खांदं बघ त्याचं. चढावर ज्याचं खांदं हलत न्हाईत आणि तोंड मिटलेलं असतंय, त्यो गडी अजून शिल्लक हाय. तोंड उघडलं की संपला."

मी त्याच खोलीत खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेली असायची. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर वाचायचं खूप राहिलेलं होतं. शर्यतीत मला रस नव्हता असं मी समजत होते. फक्त आवाज कानावर पडायचा. दरवर्षी पैलवान हरायचे आणि पुढच्या जुलैत पुन्हा जाड मांड्यांवर बोट ठेवायचे. माणूस असा किती काळ चुकत राहू शकतो, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं.

यंदा मे महिन्यात हे गेले. पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, बोलायला काही हरकत नाही, गळ्याला काही झालेलं नाही. पण हे बोलले नाहीत. पाणी हवं असेल तर बोटाने दाखवायचे. मी जवळ बसून वाचून दाखवायची, हे भिंतीकडे बघायचे. मी विचारलं, दुखतंय का? मान हलायची, त्यातून हो की नाही ते कळायचं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात आमचं बोलणं कमीच होतं, पण ते कमी असणं दोघांचं होतं. हे वेगळं होतं. मला एक वाक्य हवं होतं. कसलंही. दूध तापवलंस का, असंही चाललं असतं.

दुपारी मी घरी अंघोळीला जायची, तेवढा वेळ पैलवान बसायचे. परत आले की ते उठायचे आणि म्हणायचे, "झोपलाय, बरं हाय." कधी त्यांचे डोळे लाल असायचे. मी त्याचा अर्थ लावला नाही.

म्हणून घाटावरून परतताना मी विचारलंच. दीर पुढे निघून गेले होते.

"काय सांगितलंत कावळ्याला?"

पैलवान चपलेतला खडा काढत होते. वर न बघता म्हणाले, "औंदाची तीन नावं. दवाखान्यात मला म्हणलावता, ह्या तिघांवर ध्यान ठेव. म्हणलं, ठेवतो, तू जा बिनघोर."

"कोणती नावं?"

"जुलै येऊ द्या की वैनी. सांगतो."

घरी येऊन अंघोळ केल्यावर ओल्या केसांनी तशीच बसून राहिले. म्हणजे हे बोलत होते. दुपारी, मी नसताना, त्या माणसाशी बोलत होते. आणि मी जिन्यावर पाऊल ठेवलं की गप्प होत होते.

दुसरा संशय त्यामागून आला. नावं आताच का नाही सांगितली? जुलैपर्यंत थांबायचं कारण काय? खरी असतील तर मे महिन्यातही तीच आणि जुलैतही तीच. थांबतो तो, ज्याला अजून जुळवायचं असतं.

दोन संशय एकमेकांच्या उलट होते आणि मला दोन्ही सोडवेनात. पैलवान खोटं बोलत असतील तर बरं, असं मला वाटायचं, आणि इतक्या जुन्या मित्राबद्दल असं वाटतं याची लाजही वाटायची. दिरांना विचारता आलं असतं, ते पानाजवळच उभे होते. पण विचारणं म्हणजे मनातलं दाखवणं. दीर पेठ वडगावला परत गेले आणि मी गप्प राहिले.

जुलै आला. शर्यतीच्या पहिल्या दिवशी पैलवान संध्याकाळी दारात उभे. हातात भडंगाची पुडी. मी टीव्ही लावला. ते नेहमीच्या जागी बसले आणि ह्यांची खुर्ची रिकामी राहिली.

"सांगा आता," मी म्हणाले.

त्यांनी तीन नावं सांगितली. मी मनाशी ठरवलं होतं की जाड मांड्यांचा एक जरी निघाला तरी नावं पैलवानांची. पण तिघेही बारीक होते. पहिला तर सगळ्यांत बारीक, लांब नाकाचा, गालफडं बसलेला. ह्यांनी नेमका हाच निवडला असता.

"पहिला हाच का?" मी विचारलं.

"त्यो म्हणला, गडी पडून उठलेला हाय. डावा कोपर बाहेर काढून चालवतोय, तरी खांदं हलत न्हाईत. असला गडी घाटात हटत न्हाई, म्हणला."

शब्द ह्यांचे होते, चाल ह्यांची होती. मी चहा ठेवायला आत गेले आणि गॅस न पेटवता उभी राहिले. मला एक वाक्य मिळालं नव्हतं, आणि एका परक्या देशातल्या सायकलवाल्याच्या कोपराबद्दल ह्यांनी इतकं सगळं बोलून ठेवलं होतं.

त्यानंतर मी रोज शर्यत बघितली. पुस्तक मांडीवर असायचं, पण उघडलेलं नसायचं. मी त्या लांब नाकाच्या माणसाला बघत होते आणि पैलवानांनाही. सपाटीच्या टप्प्यांवर पैलवान गप्प बसत. एकदा जाड मांड्यांचा एक जण शेवटच्या धावेत सगळ्यांना मागे टाकून गेला. पैलवानांनी मांडीवर थाप मारली, मग माझ्याकडे बघून हात मागे घेतला. मी तेही टिपलं. चोरी सापडलेला माणूस असाच हात मागे घेतो.

डोंगराचे टप्पे सुरू झाले. लांब नाकाचा माणूस खरंच डावा कोपर बाहेर काढून चालवत होता. खांदे स्थिर. एके दिवशी चढ सुरू व्हायच्या आधी समालोचकाने त्याच्याबद्दल सांगितलं. जून महिन्यात, या शर्यतीच्या तयारीची म्हणून एक लहान शर्यत असते, तिच्यात हा उतारावर पडला होता. कोपराला मार लागला होता. हा इथे येईल असंही कुणाला वाटलं नव्हतं.

जून महिन्यात.

मी टीव्हीचा आवाज बंद केला. पैलवानांनी दचकून बघितलं.

"हे मे महिन्यात गेले," मी म्हणाले.

त्यांनी पुडीतला हात बाहेर काढला.

"हा जूनमध्ये पडला. ह्यांना त्याचा कोपर कुठून दिसला?"

पैलवानांनी भडंगाची पुडी बाजूला ठेवली. हात झटकले. इतका मोठा माणूस, पण खुर्चीत आवळून बसल्यासारखा दिसायला लागला.

"न्हाय बोलला वैनी," ते म्हणाले. "माझ्यासंगट पण न्हाय बोलला. एक शबुद न्हाय. मी रोज बसायचो, ह्यो अमका, त्यो तमका, औंदा कोण येईल, म्हणून बडबडायचो. मुद्दाम चुकीचं बोलायचो. म्हणलं, भांडायला तरी तोंड उघडंल. त्यो भिंतीकडं बघायचा."

"मग कावळ्याला काय सांगितलंत?"

"त्येच की. म्हणलं, बायकोसंगट बोलला न्हाईस, माझ्यासंगट बोलला न्हाईस, आता हितं तरी हट्ट सोड. भडंग आणलंय, खाऊन जा."

"आणि नावं?"

"तुम्ही वाटंत गाठलं. आता बायकोला काय सांगू, तुमच्या नवऱ्यावर चिडलो म्हणून? तोंडाला आलं ते बोललो. मग जुलै आला, तर नावं आणायची कुठनं? त्यो असता तर कुणाला धरला असता, त्ये बघत बसलो महिनाभर. जूनच्या शर्यती बघितल्या मोबाइलवर. खांदं बघितलं, कोपर बघितला. डोळं फुटायची पाळी आली."

मी आवाज पुन्हा सुरू केला. आम्ही तो टप्पा शेवटपर्यंत बघितला. ते गेल्यावर मात्र संशय परत आला, आणि आता तो तिसराच होता. पहिली गोष्ट पैलवानांनी सहज रचली होती. मग ही दुसरीही रचलेली नसेल कशावरून? माझा चेहरा बघून, मला हवं होतं तेच त्यांनी दिलं नसेल कशावरून? 'तो माझ्याशीही बोलला नाही', हे पैलवानांचं वाक्य माझ्यासारख्या बाईला किती गोड लागेल, हे ओळखायला फार शिकावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिरांना फोन लावला.

"त्या दिवशी पैलवान पानाजवळ काय बोलले? तुम्ही शेजारी होता."

"वैनी, आता कशाला त्ये?"

"सांगा."

"न्हाय सांगायसारखं. त्यानं मला शपथ घातलीया."

"मी सोडवते शपथ. सांगा."

दीर घुटमळले. मग म्हणाले, "शिवी घातली की त्यानं. दादाला. आईवरनं. म्हणजे आमच्या आईवरनं! मी हात उगारणार हुतो, सुतकात म्हणून गप बसलो."

"नुसती शिवी?"

"शिवी घातली आन् म्हणला, वैनी रातध्याड बसली उशाला, तिला बोलला न्हाईस, मला बोलला न्हाईस, आता भडंग तरी खाऊन जा. आन् लगीच कावळा आला बगा. मला तर कळंना, रागवावं का पाया पडावं."

मी फोन ठेवला. पैलवानांनी मला सांगताना शिवी गाळली होती. समजूत काढायला रचलेल्या गोष्टीत माणूस सासूवरची शिवी घालत नाही, आणि खरी घडलेली गोष्ट वहिनीला सांगताना ती गाळल्याशिवाय राहत नाही. मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. नंतर बराच वेळ रडले. हे कुणाशीच बोलले नव्हते. मला वगळून गेले नव्हते.

का बोलले नाहीत, ते मला अजूनही कळलेलं नाही. पण त्या भिंतीसमोर मी एकटी नव्हते, दुपारची पाळी दुसऱ्या कुणाची तरी होती.

शेवटच्या मोठ्या घाटाच्या दिवशी मी खिडकीशी न बसता टीव्हीसमोर बसले. लांब नाकाचा माणूस पुढच्या चौघांत होता. खांदे अजून हलत नव्हते. पैलवान पुढे सरकून बसले होते, ओठ आवळून, जणू चढ तेच चढत होते. माथा जवळ आला आणि तो हळूहळू मागे पडला. एकूण शर्यतीत चौथा राहिला. बाकीची दोन नावं तर केव्हाच मागे पडली होती.

"गेलं," पैलवान म्हणाले. "आता दूध कुणी पाजायचं? पैज लावणारा तर हाय कुठं?"

"पैज तुमची होती. नावं तुमचीच होती."

"तुमच्यासंगट लावली न्हवती की."

"ऐकायला मीच होते ना?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दूध कट्ट्यावर गेलो. मी तिथे पहिल्यांदाच गेले. गवळ्याने समोर धार काढली आणि फेसाचा ग्लास माझ्या हातात दिला. दूध कोमट होतं, ओठावर फेस लागला, तो मी पदराने पुसला. पैलवानांचं अजून समाधान झालेलं नव्हतं.

"पण माझं चुकलं कुठं? खांदं हललं न्हाईत त्याचं. शेवटपर्यंत न्हाईत."

"खांदे तुम्ही नीट बघितलेत," मी म्हणाले. "तोंड बघितलं नाहीत. माथ्याच्या कितीतरी आधी त्याने तोंड उघडलं होतं."

त्यांनी ग्लास खाली घेतला आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"हे कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही. दिसलं."

पैलवानांनी गवळ्याला माझ्यासाठी आणखी एक ग्लास भरायला सांगितला.