सारख्या कापलेल्या तारा

मुलांनो, आज सोसायटीचा इंटरकॉम दुरुस्त होताना तारा जोडायचा डाख वितळल्याचा वास आला, म्हणून हे लिहिते. निवृत्त झाल्यावर मी इथे नेरूळला बायकांसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग सुरू केला होता. सेल, पक्कड, छोटे एलईडी दिवे, सगळं मीच जमवलं. प्रत्येक दिव्याची एक तार लांब, एक आखूड. मला ते बघवेना, म्हणून वर्गाच्या आदल्या दिवशी साऱ्या तारा मोजून सारख्या कापल्या. शिकवायला आलेल्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो काकू, लांब तार म्हणजे प्लस! आता ओळखायचं कसं?" पहिलाच वर्ग माझ्यामुळे बुडणार, असं वाटलं. तेवढ्यात वर्गाला आलेली माझी शेजारीण हसली, "टेन्शन कशाला? टॉर्चमध्ये सेल घालतो तसंच. नाही पेटला की उलटा!" मग सगळ्याजणींनी एकेक दिवा लावून पाहिला आणि प्लसच्या तारेला नेलपॉलिशचा ठिपका दिला. त्यातले सात दिवे माझ्याकडे आहेत. अजून पेटतात.