सिस्टरांचा नववा प्रश्न

शाळेच्या नर्सबाईंना सगळे सिस्टर म्हणत. विद्यार्थी म्हणत, मुख्याध्यापक म्हणत, आणि भांडण झालं की नवराही म्हणे. त्यांची खोली खेळाच्या सामानाच्या कोठीला लागून, त्यामुळे तिथे औषधांपेक्षा हवा गेलेल्या चेंडूंचाच वास जास्त. वजनकाटा दोन किलो जास्त दाखवायचा. मुलांच्या वजनातून सिस्टर दोन वजा करीत, स्वतःच्या वजनातून चार.

स्पर्धांआधी वर्षातून एकदा खेळाडूंची तपासणी व्हायची. डॉक्टर सकाळी येत आणि ऐंशी छात्या ऐकून जेवायला घरी पोचत. त्याआधी फॉर्म भरून घेणं सिस्टरांकडे. त्यावर आठ प्रश्न. चक्कर येते का, छातीत दुखतं का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, असले. मुलं आठही ठिकाणी 'नाही' लिहून मोकळी. खेळायला मिळणार असेल तर पाय मोडलेला मुलगाही लंगडत येऊन 'नाही' लिहील, हे सिस्टरांना वीस वर्षांत कळून चुकलं होतं. म्हणून नववा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला होता. तो छापलेला नव्हता, त्या हळूच विचारीत, "तुमच्या घरात कोणाचा विषय निघाला की सगळे गप्प बसतात?"

या प्रश्नाने दुखणी कमी आणि भानगडीच जास्त बाहेर येत. कोणाची आत्या पळून गेलेली, कोणाच्या आजोबांचे दोन संसार. सिस्टर सगळं पोटात ठेवीत, अगदी नवऱ्यालाही सांगत नसत. त्याला त्याचं फार वाईट वाटे.

यंदा रांगेत नववीतली एक मुलगी होती. पाण्यात शिरली की बाहेर निघत नसे, म्हणून तिला सगळे मासोळी म्हणत. राज्याच्या संघाची निवड आठ दिवसांवर आली होती. फॉर्मवर आठ वेळा 'नाही'. सिस्टरांनी नववा प्रश्न विचारला.

"मामाचा," ती म्हणाली. "बुडाला तो. एकोणीस वर्षांचा होता."

"पोहता येत नव्हतं का गं?"

"शर्यतीत पहिला यायचा, सिस्टर. आणि पाणी छातीएवढंच होतं म्हणे."

सिस्टरांचं पेन थांबलं.

डॉक्टरांनी तिची छाती ऐकली. ठोके घड्याळासारखे. त्यांनी शिक्का उचलला, तोच सिस्टरांनी फॉर्म ओढून घेतला. पट्टीचा पोहणारा छातीभर पाण्यात बुडत नाही, आधी त्याच्या हृदयाला काहीतरी झालेलं असतं, तेव्हा हिचा ईसीजी काढल्याशिवाय फॉर्म मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टर आधी चिडले, मग त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई तरातरा आली. घरातली मढी उकरायला शाळेने तुम्हाला ठेवलंय का, इथपासून सुरुवात झाली. सिस्टरांनी तासभर ऐकून घेतलं. शेवटी आईचा आवाज खाली आला. भाऊ गेला त्या दिवशी काठावर तीच होती, तेरा वर्षांची. हिचं लक्ष नव्हतं, असं घरच्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

"ईसीजी काढा," सिस्टर म्हणाल्या. "चांगला आला तर तुमच्या दारात येऊन माफी मागेन."

माफी मागायची वेळ आली नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून सांगितलं की हिच्या हृदयातली वीज जरा रेंगाळते. एरवी कळतही नाही. पोहताना मात्र ठोका बिघडू शकतो. गोळ्या सुरू झाल्या, पोहणं बंद. मामालाही बहुधा हेच असावं, असं ते म्हणाले. कागद घेऊन आई पुन्हा खोलीत आली आणि खाटेवर बसून राहिली.

"म्हणजे मी बघत असते, तरी?"

"तेरा वर्षांच्या पोरीला काय करता आलं असतं, बाई?"

मागे मुलगी उभी होती. तिने विचारलं, "नुसते पाय सोडून बसले तर चालेल?"

"तेवढं चालेल."

"मग नकोच," ती म्हणाली आणि निघून गेली.

फॉर्मवर 'अपात्र' असा शेरा पडला. त्यानंतर मासोळी सिस्टरांशी कधी बोलली नाही. समोरून त्या दिसल्या की ती मागे फिरे आणि दुसऱ्या जिन्याने वर जाई. सिस्टर खालच्या पायरीवर थांबत. वर चढणारी तिची पावलं मध्येच अडखळत नाहीत ना, एवढं ऐकत, आणि मग आपल्या खोलीकडे वळत.