बायकोच्या मेलचं कुलूप

बायकोला जाऊन दीडेक महिना झाला असेल, तेव्हा तिचा मेल आला. मला नाही. दौंडला तिचा धाकटा भाऊ राहतो, त्याला. दुपारी जेवून मी जरा आडवा झालो होतो आणि त्याचा फोन आला.

"दाजी, ताईचा मेल आलाय."

"जुना असेल."

"नाही हो, आजचा. सकाळचा."

"अरे, तू खांदा दिलास ना तिला? मग?"

"दिला. पण वर नाव तिचंच आहे. इंग्रजीत लिहिलंय. मी लंडनला अडकलेय, पर्स चोरीला गेली, लगेच पैसे पाठव."

"लंडन? ती दौंडच्या पुढं कधी गेली नाही. आणि दौंडलाही तुझ्या बायकोच्या हातचं खावं लागतं म्हणून कुरकुरायची."

तो हसला. हसता हसता त्याचा आवाज फुटला. मग म्हणाला, "दाजी, पाठवू का थोडे?"

"कुणाला पाठवतोस?"

"कळतंय मला, चोर आहे कुणीतरी. पण ताईनं कधी काही मागितलं नाही हो माझ्याकडं. पहिल्यांदा मागतेय."

मी त्याला चार शिव्या घातल्या आणि फोन ठेवला. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

मी सातवी नापास माणूस. खडकीला कारखान्यात लेथवर जन्म गेला. बायको मॅट्रिक झालेली. आमची एकुलती एक मुलगी कॉम्प्युटर शिकली, कंपनीत लागली आणि कंपनीनं तिला अमेरिकेला पाठवलं. त्या वेळी पुण्यात हे असं घरटी चाललं होतं. जाताना तिनं विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर बसवून दिला. मी त्याच्या वाटेला गेलो नाही. बायको मात्र बस बदलत सदाशिव पेठेत क्लासला जायला लागली. तिथं सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात ही नऊवारी सोडून नुकतीच पाचवारीवर आलेली बाई.

क्लासच्या मास्तरांनी काय भीती घातली होती कोण जाणे, घरात तिनं त्या यंत्राभोवती पहारा बसवला. अनोळखी मेल उघडायचा नाही. फुकट काही मिळतंय म्हटलं की तिथून पळायचं. व्हायरसचं औषध दरवर्षी न चुकता, पोराला डोस पाजावा तसं. काम झालं की मेलचं खातं बंद करूनच उठायची. गॅसवर दूध उतू जात असलं तरी आधी खातं बंद, मग दूध. कॅमेरा आला तेव्हा त्याच्या डोळ्यावर टिकली चिकटवली. लेकीशी बोलायचं असलं की टिकली काढायची आणि तीच कपाळाला लावायची. एखाद्या पानानं जन्मतारीख विचारली तर पडद्याला म्हणायची, "कशाला हवीय रे तुला? स्थळ आणलंयस?"

मी चिडवायचो, "तुझं सुक्याचं कालवण चोरायला कोण येणार आहे इथं?"

"चोर काय चोरणार ते आधी सांगून येतो होय?" ती म्हणायची.

एवढं सांभाळून तिच्या मागं हे झालं. तिच्या माहेरच्या सगळ्यांना मेल गेले. क्लासच्या मैत्रिणींना गेले. एका बाईला ती गेल्याचं ठाऊकच नव्हतं, तिनं काळजीनं घरी फोन केला. तिला मी दारात आलेल्या परक्याला सांगावं तसं सांगितलं, ती लंडनला नाही, ती येरवड्याच्या स्मशानात गेली. बाई रडायला लागली. मला वाईट वाटलं, पण दुसरं कसं सांगायचं असतं ते मला येत नाही.

संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, मुलीचा फोन आला.

"बाबा, आईच्या खात्यात कुणीतरी शिरलंय. मेलच्या कंपनीला कळवलं तर ते खातं कायमचं बंद करतील. पण मग आतलं सगळं जाईल."

"जाऊ दे ना. लोकांना त्रास नको."

ती म्हणाली, "बाबा, माझी पहिली नोकरी सुटली तेव्हा माझा तिथला मेल बंद झाला. आईची तेवढ्या वर्षांची पत्रं गेली. नंतर आम्ही कॅमेऱ्यावरच बोलायचो. जी काही उरलीत ती तिच्याच खात्यात आहेत. तेही गेलं तर माझ्याकडं तिचं काही नाही."

तिला आईच्या मातीला यायला जमलं नव्हतं. विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. ती आली ती जलदानाच्या कार्यक्रमाला, आमच्यात तेराव्याच्या जागी असतो त्या. वंदना चालू असताना सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून बसली होती, पाहुण्यासारखी. ते मला आठवलं.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"त्यानं पासवर्ड बदलला नसेल तर आपण आत जायचं आणि आपणच बदलायचा. पण आत्ता, बाबा. आईचा पासवर्ड काय होता?"

"मला काय माहीत?"

"कधी बोलली असेल."

एकदा विषय निघाला होता. बायको दवाखान्यात सलाईनवर होती आणि मुलीला मेलमधले कसलेसे कागद तातडीनं हवे होते. मी तिला पासवर्ड विचारला. तर आजारी बाई पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, तो मला तोंडानं सांगता यायचा नाही. मला राग आला. म्हटलं, नवऱ्यापासून कसलं गुपित? परत कधी विचारलं नाही.

हे मी मुलीला सांगितलं.

"तोंडानं सांगता यायचा नाही, असंच म्हणाली?"

"असंच."

तिनं विचारलं, "बाबा, आईनं तुमचं नाव कधी घेतलंय?"

नव्हतं घेतलं. आमच्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा उचलून मुळा नदीत सोडला होता. घरातले उपास गेले, अंगारे गेले, नवस गेले. पण बायकोच्या आईनं तिला शिकवलेलं हे एक काही गेलं नाही. नवऱ्याचं नाव ओठांवर आणायचं नाही. मी कितीदा म्हटलं, बाई, तेहतीस कोटी सोडले आपण, माझं एकट्याचं काय घेऊन बसलीस? ती म्हणायची, "अहो, देव सोडणं सोपं असतं." रेशनच्या दुकानात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायची, आणि मी बरोबर नसलो तर लिहून द्यायची.

मुलगी म्हणाली, "क्लासमध्ये सांगतात ना, पासवर्ड असा ठेवा की जो तुम्ही कधी कुणासमोर बोलणार नाही."

तिला असा एकच शब्द माहीत होता.

"पण बाबा," मुलगी रडत होती आणि हसतही होती, "ते तिच्या खात्यावरच लिहिलंय हो. तिचं नाव, मधे तुमचं नाव, मग आडनाव. चोर पहिल्यांदा तेच घालून बघतो."

जे तिनं जन्मभर तोंडातून काढलं नाही, ते प्रत्येक मेलच्या वर गावाला दिसत होतं. बाईची हुशारी ती अशी.

मी कॉम्प्युटर चालू केला. मुलगी फोनवरून सांगत गेली, इथं दाबा, तिथं दाबा. चौकोन आला. इंग्रजीत मला नीट लिहिता येतं ते फक्त माझं नाव, कारखान्याच्या पासवर सही करून करून शिकलेलं. एक एक अक्षर शोधून मी ते दाबलं. पडद्यावर अक्षरं दिसली नाहीत, नुसते ठिपके पडले. ती रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी तिथं बसायची आणि मी पलीकडं पेपर वाचत असायचो. रोज ती हे करत होती आणि मी शेअर बाजार पडला म्हणून बडबडत होतो, ज्यातलं मला काही कळत नव्हतं.

खातं उघडलं.

"आलं का?"

"आलं."

"मग लगेच बदला. जुना एकदा घालायचा, मग नवा."

"नवा काय? तुझ्या आईचं नाव ठेवू?"

"कुणाचंच नाव नको. मी सांगते ती अक्षरं, मधे आकडे. त्याला काही अर्थ नसतो, म्हणून तो चांगला."

"हाच राहू दे ना," मी म्हटलं.

"बाबा."

"राहू दे गं. तिनं ठेवलेलाय."

"हाच ठेवला तर तो उद्या परत येईल. आईच्या नावानं मामाकडं परत भीक मागेल. चालेल तुम्हाला?"

नाही चालणार. मी माझं नाव शेवटचं दाबलं, आणि मग तिनं सांगितलं ते सगळं, एक एक करून. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा झालं. आता तिथं माझं नाव नाही. आणि मला "अहो" म्हणून हाक मारायलासुद्धा कुणी नाही.

मेल थांबले. पत्रं शाबूत राहिली.

ती मराठीच आहेत, पण इंग्रजी अक्षरांत. मी अक्षरं ओळखतो, जोडायला गेलो की गुंता होतो. म्हणून रविवारी मुलगी फोनवर वाचून दाखवते. मंडईत फ्लॉवर काय भावानं मिळाला, खालच्या बाईचं आणि हिचं पाण्यावरून काय झालं, शेवग्याला शेंगा किती आल्या. ऐकताना ती बोलतेय असंच वाटतं. तिच्यासारखेच टोमणे.

मागच्या रविवारी वाचता वाचता मुलगी थांबली.

"पुढं?" मी म्हटलं.

"पुढं तुमच्याबद्दल आहे."

"मग वाच की."

"नको बाबा."

"वाईट लिहिलंय?"

"वाईट नाही. पण ते तिनं मला लिहिलंय. तुम्ही वाचावं असं तिला वाटलं असतं तर ती तुम्हालाच बोलली असती ना? घरातच होतात की तुम्ही."

एवढी वर्षं एका घरात काढली, आणि माझ्याबद्दलचं जे होतं ते तिनं समुद्रापार पाठवलं. पण पोरीचं चुकलं नव्हतं. मी म्हटलं, बरं, ते सोड, पुढचं वाच. तिनं पुढचं वाचलं, लोणच्याचं होतं.

कॉम्प्युटर घरातच आहे, पासवर्ड मला पाठ आहे. गुंता सोडवत बसलो तर महिन्याभरात ते पत्र मला लागेलही. मी बसणार नाही. तो कोण कुठला चोर, त्यानं ते वाचलं असेल. त्याला मराठी येत नसणार, असं मी धरून चाललोय.