आमच्या ह्यांचा निवाडा

आमचे हे वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झाले आणि लोकांचे संसार तोलायला बसले. कोणा नवराबायकोचं बिनसलं की हे इस्त्रीचा सदरा चढवून हजर! तोरा असा, जणू अख्ख्या इमारतीची अक्कल ह्यांच्याकडेच गहाण पडली आहे. घरात मात्र स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

ह्यांची पद्धत ठरलेली. रडणाऱ्या बाईला एकच विचारायचं, "पोरांना हात लावतो का?" ती नाही म्हणाली की झालं! "मग बाप म्हणून माणूस चांगला आहे. घरी जा." लागला निकाल, आणा चहा.

परवा वरच्या मजल्यावरची शिवणवाली आली. गालावर वळ, सोबत शाळकरी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. नवरा खाली स्कूटर घेऊन उभा, तिघांना परत न्यायला. ह्यांनी तोच प्रश्न विचारला, तिने नकारार्थी मान हलवली. मुलगी भावाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात चिडीचूप बसली होती.

"बघ, किती वळणाची पोरं! घरात खरंच वाईट असतं तर अशी शहाणी निघाली असती?"

डोंबलाचं वळण! आमची नातवंडं इतकी गप्प बसली तर मी आधी ताप बघते.

"तेव्हा आता परत जायचं," असं बजावताना ह्यांनी टेबलावर हात आपटला. पेला खणकन खाली पडला. मुलीने भावाला झटकन खाटेखाली ढकललं आणि आईच्या पुढे येऊन उभी राहिली.

"आजोबा, आईला मारू नका. पेला मी पाडला."

शिवणवालीने पोरीला जवळ ओढलं. "अगं, तुम्ही तर तेव्हा झोपलेले असता ना?"

"तो झोपतो. मी त्याचे कान झाकून ठेवते."

हे घसा खाकरत म्हणाले, "तरीपण, त्याने पोरांना हात कुठे..."

"तोंड मिटा!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मला ह्या माणसाची किळस आली. उठले आणि दाराला आतून कडी घातली.

खालून हॉर्न वाजला. शिवणवाली खिडकीशी गेली. "तुम्ही जा! आम्ही येणार नाही," ती जोरात म्हणाली. पोरगी धावत गेली आणि तिने आईचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं.