पडद्यावरून काढलेलं नाव

सरांनी माझी फ्लॉपी रुमालात धरली. टेबलावर सगळ्यांच्या फ्लॉप्या एकावर एक पडल्या होत्या. त्यातून माझी तेवढी शोधून काढली, काचेचं दार उघडलं आणि बाहेर चपला ठेवतात त्या पोत्यावर टाकली.

"ही आजपासून आत आणायची न्हाई. व्हायरस असतो."

मी म्हणाले, "सर, नवी आहे. क्लासमधूनच घेतली होती."

"नवी आसंल. पण तुमच्या तिकडं एकेका वस्तूला लय हात लागतेत."

तुमच्या तिकडं. सगळ्यांना कळलं. सरांचा भाचा विवेक माझ्याच बॅचला होता. तो म्हणाला, "ताई, दवाखान्यात न्या तिला. सुई द्यायला लावा." सगळे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

परभणीत तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास नुकते निघाले होते. आमच्या क्लासला एसी होता, निळे पडदे होते. धुळीनं मशीन बिघडतं म्हणून चपला बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं. गावच्या देवळात आम्ही अजून पायरीच्या खाली उभे राहतो. इथं मला आत घेतलं होतं. म्हणून मला ही खोली देवळाहून मोठी वाटायची. खरंच वाटायची.

मी पाथरीकडच्या एका खेड्यातली. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आई-वडील दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. त्या कमाईतून आईनं क्लासची फी भरली. ती म्हणाली होती, "मशीनीवर बसून करायचं काम शीक. माझ्यावानी वाकू नको." सर्टिफिकेट मिळालं की परभणीतच कुठंतरी टायपिंगचं, हिशेबाचं काम मिळेल, एवढंच मला पाहिजे होतं.

प्रोग्राम लिहायचं मनात नव्हतं. पण फाट्यावर एसटीची वाट बघत आमचं अर्धं आयुष्य जातं. गाडी गेली का यायची, हे आमच्याकडं माणूस भेटला की आधी विचारतात. त्यावरून सुचलं. मी परभणीच्या स्टँडवर जाऊन कंडक्टरांना विचारत बसले. कुणी हाकललं, कुणी सांगितलं. मग क्लासचं पुस्तक बघत बघत एकेक ओळ लिहिली. गावाचं नाव इंग्रजीत टाइप केलं की पुढची गाडी किती वाजता, कुठं बदलायची, ते पडद्यावर यायचं. सुरुवातीला काहीच यायचं नाही. पोखर्णी टाकलं की प्रोग्राम भलत्याच गावाची गाडी दाखवायचा. पावसाळा संपता संपता तो नीट चालायला लागला.

सुरुवातीच्या पडद्यावर मी माझं नाव घातलं. खाली गावाचं. आमच्या घराला पाटी नाही, सातबाऱ्यावर आमचं नाव नाही. काळ्या पडद्यावर ती पांढरी अक्षरं उमटली, तेव्हा मी मुद्दाम मशीन उशिरा बंद केलं.

सरांनी ते पाहिलं. खुर्ची ओढून बसले, दोन-तीन गावं टाकून पाहिली.

"कोणी करून दिलं?"

"मीच केलं, सर."

"तू?" त्यांनी आणखी एक गाव टाकून पाहिलं. "चांगलं हाय की."

मी वसतिगृहात जाऊन शांताताईला दोनदा सांगितलं, सर चांगलं म्हणाले. शांताताई माझ्या खोलीत राहायची. चुडावा गावची. लॉ कॉलेजला होती.

दुसऱ्या दिवशी माझी फ्लॉपी पोत्यावर होती.

सरांनी व्हायरस शिकवला तेव्हा असं सांगितलं होतं की तो रोग असतो, डोळ्यांना दिसत नाही, एकाचा दुसऱ्याला लागतो. फ्लॉपीला पाणी लावू नका, बोट लावू नका, हेही त्यांनीच शिकवलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. तरी मी वसतिगृहाच्या नळावर बसले. फ्लॉपीच्या फटीतून तपकिरी चकती दिसते, ती साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसली. फिरवून फिरवून, जोर लावून पुसली. शाळेत पाठवताना आई मला असंच घासायची. मास्तरांनी काही म्हणू नये म्हणून. चामडी लाल होईपर्यंत.

शांताताई बादली घेऊन आली. "काय धुवायलीस गं?"

"फ्लॉपी."

"आन् ती कशाला?"

मी सांगितलं. तिनं बादली खाली ठेवली.

"बाकीच्यांच्या फ्लॉप्या ठेवल्या का भाईर?"

"नाही."

"बरा तुझ्याच फ्लॉपीत शिरला व्हायरस. जात बघून शिरतो वाटतं."

मी रडले नाही. वाळत घातलेली फ्लॉपी मी उचलून बघितली. चकतीवर सगळीकडं ओरखडे होते. माझ्या प्रोग्रामची माझ्याजवळची एकच कॉपी मी स्वतःच्या हातानं घासून टाकली होती.

क्लासच्या मशीनमध्ये प्रोग्राम अजून होता, म्हणून सरांकडं गेले. म्हणाले, "सर, फ्लॉपी खराब झाली. माझा प्रोग्राम नव्या फ्लॉपीवर द्या."

"खराब कशानं झाली?"

खरं सांगितलं. मला खोटं पटकन सुचत नाही. सर एवढे हसले की त्यांनी चष्मा काढला. विवेकला हाक मारली, "आरं इकडं ये, हिनं फ्लॉपी धुतली! साबण लावून!" विवेकनं विचारलं, "नीळ लावली का न्हाई ताई?" मग सरांचं हसू थांबलं. ते हळू आवाजात बोलायला लागले.

"हे बघ. प्रोग्राम मशीनमधी हाय. मशीन माझं, लाइट माझी. मशीनमधी जे हाय ते क्लासचं. कॉपी करून न्यायची म्हणजे चोरी. कॉपीराइटचा कायदा हाय. पोलीस केस होती. बापाला ऊस सोडून यावं लागंल तुझ्या."

कॉपीराइट हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो असा. मी घाबरले. मीच लिहिलेलं मागितलं म्हणून मी चोर ठरले होते, आणि मला ते खरं वाटलं. कायदा त्यांच्याकडंच असणार. आमच्याकडं कायदा कधी कुणाच्या बाजूनं आला होता?

शांताताईनं कॉलेजातून कायद्याचं पुस्तक आणलं. इंग्रजी. मी एकेक शब्द अडखळत वाचत होते, ती मराठीत सांगत होती. पुस्तक लिहिणाऱ्याचं असतं, गाणं रचणाऱ्याचं असतं. आणि पुढं, कायद्यात दुरुस्ती करून घातलेली ओळ: कॉम्प्युटरचा प्रोग्रामही तसाच धरायचा. मी ती ओळ परत वाचली. बोट ठेवून वाचली.

"तू त्यांच्याकडं नोकरीला हायस का?"

"नाही. मी फी भरते."

"मग तुझाच हाय. मशीन आसंल त्यांचं. माझ्या पेनानं तू आईला पत्र लिहिलंस म्हणून ती माझी आई व्हती का?"

"पण माझ्याकडं कॉपी नाही, ताई. मी धुतली."

"तोंड तर न्हाई धुवून टाकलं ना? त्यानं सांग."

मी लगेच सांगितलं नाही. मी कित्येक दिवस गप्प क्लासला गेले. फ्लॉपीशिवाय. कोपऱ्यातल्या मशीनवर बसायचे आणि परत यायचे.

क्लासला वर्ष पूर्ण झालं म्हणून सरांनी कार्यक्रम ठेवला. गावातले व्यापारी आले, एका कॉलेजचे प्राचार्य आले, एक पेपरवाला आला. मुलींनी हार आणले. मला सर म्हणाले, "तू दाराशी थांब. पाहुण्यांच्या चपला नीट लाव."

मी लावल्या. जोड्याला जोड.

काचेतून मशीनचा पडदा दिसत होता. विवेक खुर्चीवर बसला. पहिला पडदा आला. त्यावर विवेकचं नाव होतं. खाली परभणी. माझ्या ओळी, माझे कंडक्टर, माझी पोखर्णीची गाडी, आणि वर त्याचं नाव. प्राचार्य म्हणाले, "वा! बुद्धी लागते याला." सर म्हणाले, "आमच्या घराण्यातच हाय साहेब ते."

मी दार ढकलून आत गेले. पायात चपला होत्या. नंतर कळलं.

"हा प्रोग्राम मी लिहिलाय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की कुणाला ऐकूच गेलं नाही. मी परत म्हणाले. "हा मी लिहिलाय. नाव बदललंय त्यावरचं."

सगळे माझ्या पायांकडं बघायला लागले.

सर हसत पाहुण्यांकडं वळले. "बघा साहेब. विद्यापीठाला नाव पाहिजे म्हणून बोंबलायलेत, आता कॉम्प्युटरलाबी यांचंच नाव पाहिजे!"

पाहुणे हसले. प्राचार्यही हसले. मी लहान असताना, विद्यापीठाला ते नाव मागितलं म्हणून आमच्या वस्तीचा कडबा पेटवला होता. मला कडेवर घेऊन आई पळाली होती. त्या धुरात मी खोकत होते, एवढंच मला आठवतं. आणि इथं एसीत बसून लोक त्यावर हसत होते. मी त्या एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या खोलीची भीती वाटली नाही. किळस आली.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. माझं सर्टिफिकेट टेबलावर होतं. सही झालेली.

"परीक्षेत पास झालीस. घेऊन जा. फक्त बॅचसमोर सांग, प्रोग्राम विवेकनं लिहिला, माझा गैरसमज झाला. संपलं. मी काय तुझं वाईट करायलो का?"

मी सर्टिफिकेटकडं बघितलं. त्यावर माझं नाव बरोबर होतं. आईचं वाकलेलं अंग डोळ्यांपुढं आलं. कोयता आला. मी बॅचसमोर जाऊन उभी राहिले.

"मी लिहिला," मी म्हणाले.

विवेक म्हणाला, "पुरावा हाय का?"

"नाही. तरी मीच लिहिला."

सर म्हणाले, "मग सर्टिफिकेट विसर."

"ठीक आहे," मी म्हणाले, आणि बाहेर आले.

ठीक नव्हतं. ते मला पाहिजे होतं, आजही पाहिजे आहे. सर्टिफिकेटशिवाय दोन ठिकाणी मला दारातूनच परत पाठवलंय. आई तोडीवरून आली की तिला काय सांगू, हे अजून ठरलेलं नाही. पण 'मी लिहिला' या दोन शब्दांबद्दल मला पश्चात्ताप नाही.

आता तिथं नवी बॅच सुरू झाली की मी त्या इमारतीसमोर रस्त्यावर उभी राहते. येणाऱ्या प्रत्येक मुलाला, मुलीला सांगते: इथं तुम्ही जे लिहाल ते तुमचं आहे. त्यावर तुमचं नाव घाला. त्याची कॉपी घरी न्या. कुणी चोरी म्हटलं तर कायदा वाचायला मागा. काही जण टाळून जातात. काही थांबतात. पूर्णेकडच्या एका मुलीनं मला पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमचं काय झालं?" मी तिला सगळं सांगितलं. साबणासकट.

परवा सर खाली उतरून आले. पोलिसांना बोलावतो म्हणाले. मी म्हणाले, "बोलवा सर. सडक सरकारी आहे."

"किती दिवस उभी राहणार हायस अशी?"

"तुमचा क्लास चालू आहे तोवर."

पुढची बॅच सोमवारी आहे. मी जाणार आहे.