सुमतीसाठी चढवलेला बावीस गेजचा पत्रा

सुमती गेली तेव्हा भाद्रपदातला पाऊस लागून राहिला होता. समाचाराला आलेली माणसं पडवीत बसून माझ्याशी ओरडून बोलत होती, कारण वर सव्वीस गेजचा पत्रा. 'फार सोसलं हो वहिनींनी,' हेसुद्धा बेंबीच्या देठापासून सांगावं लागत होतं. मला लिहायची सवय नाही, शाळा चौथीपर्यंत. जन्मभर पन्हळी आणि पाण्याच्या टाक्या केल्या. त्यामुळे बायकोबद्दल सांगायचं तरी पत्र्यापासूनच सुरू करतो.

घर आमचं कौलारू. वानरांनी कौलं ठेवली नाहीत, म्हणून पत्रा घालायचं ठरलं आणि दोघं हातखंब्याच्या दुकानात गेलो. गेजचा हिशेब उलटा असतो. आकडा वाढला की पत्रा पातळ. बावीस जाड, सव्वीस पातळ, आणि त्याच मापाचा बावीसचा पत्रा सव्वीसच्या दीडपट जड. माझा हट्ट बावीसचा. सुमतीने दोन्ही उचलून बघितले आणि बावीसचा खाली ठेवला. 'वासे मामंजींच्या वेळचे. त्यांच्या डोक्यावर रेडा बसवताय काय?' दुकानदार हसला, मी तापलो, आणि टेम्पोत सव्वीसचा चढला. तिचं बरोबर होतं. त्या वाशांना बावीस पेलला नसता.

दोन-तीन पावसाळे निघाले. पत्रा वाजायचा, पण तीही काही कमी नव्हती, त्याच्यावर आवाज चढवून मला हाक मारायची. मग या ज्येष्ठात तिला अर्धांग झालं. डावी बाजू गेली आणि आवाज असा बसला की कान तोंडाशी नेला तरी मुश्किलीने कळावा. आमची मुलगी नंदा मुंबईला, शेजाऱ्यांकडे तिचा फोन यायचा तेवढाच. माजघरात खाटेवर सुमती आणि खाली मी. पाऊस लागला की दोघांना ढोलात कोंडून वरून बडवल्यासारखं व्हायचं. तिचे ओठ हलायचे, मला काही ऐकू यायचं नाही. पाणी हवं, कूस बदलायची, पांघरूण... मी एकेक करून दाखवायचो, ती नाही नाही करायची आणि शेवटी डोळे मिटून घ्यायची. ते डोळे मिटणं बघवत नसे. बाहेर जावं तर तिला टाकून जाणार कुठे?

पत्र्यावर झावळ्या टाकून बघितल्या, त्या वानरांनी ओढून काढल्या. शेवटी श्रावणात उघडीप मिळाली तेव्हा खाटेवरच्या भागापुरतं सव्वीसवर बारदान अंथरलं आणि त्याच्यावर बावीसचा चढवला. वासे कुरकुरायला लागले. म्हणून खाटेच्या चारी कोपऱ्यांना जमिनीपासून वाशापर्यंत टेकू ठोकले. माजघरात वावरायला जागा उरली नाही. मी आडवा होऊन आत शिरायचो.

दुपारी सर आली. पडवीवर तडतडाट, आणि खाटेपाशी लांबून आल्यासारखी नुसती पावसाची घरघर. ती वर बघत होती. ओठ हलले तसा मी वाकलो.

'पिंजरा केलात ओ माझा.'

ऐकू आलं मला... मी म्हटलं, बावीसचा घातलाय, टेकू लागणारच. तर म्हणाली, 'सांगितलं होतं ना, वासे पेलायचे नाहीत.' मी वेड्यासारखा हसत बसलो. मग साचलेलं सगळं बाहेर आलं. पेज खारट होते. दाढी करत नाही तुम्ही. नंदाला पोरांना घेऊन बोलावू नका, मला बघून भितील. सगळ्या तक्रारीच. मी टेकूला पाठ लावून ऐकायचो आणि माझं पोट भरायचं नाही.

ती गेलीही तिथेच, सर चालू असताना. 'दार लोटा, ओल येतेय,' म्हणाली. मी दार लोटून वळलो, तोवर...

नंदा आता म्हणते, बाबा, ते टेकू काढा, किती अडचण. टेकू काढायचे तर आधी बावीसचा उतरवायला हवा, मग खाटेवर पुन्हा सव्वीस वाजणार. वाजू दे, आता कोणाचं ऐकायचंय, असं ती म्हणाली आणि रडली. तिचंही चुकीचं नाही. परतीचा पाऊस लागला की मी आडवा होऊन आत शिरतो, खाटेच्या कडेला टेकतो. तिथे सगळं स्वच्छ ऐकू येतं. माझा श्वास, खाटेची करकर... दुसरं काही नाही. थोड्या वेळाने उठून पडवीत येतो. तिथल्या गोंगाटात निदान वाटतं, ती आत बोलत असेल, मलाच ऐकू येत नसेल.