मोडलेल्या मतदारसंघाचा पुकारा

सरकारनं आमचा जुना ग्रामीण मतदारसंघ मोडला त्याला कैक वर्षं झाली, पण माझ्या आत्याच्या नवऱ्यानं अजून त्याला मंजुरी दिलेली नाही. आम्ही त्यांना मामा म्हणतो. फेररचना झाली, तुकडे पडले, ज्वारीच्या रानात टॉवर उभे राहिले, तरी मामांच्या डोक्यात सांगवीपासून पुनावळ्यापर्यंत एकच आमदार निवडून येतो. कारण निवडणूक लागली की जीपवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा करायचा, हाच त्यांचा धंदा होता. सकाळी एका उमेदवाराचा, दुपारी जेवून त्याच्याच विरोधकाचा. कुणी टोकलं की म्हणायचे, "गळा माझा हाय, मत तुमचं हाय. मधी पडू नका." डिलिव्हरीवाल्याला पत्तासुद्धा ते जुनाच द्यायचे, "जिथं आपली जीप रुतली व्हती ना, तिथंच ये." आणि मला औंधचं स्थळ आलं, तेव्हा ह्या गृहस्थानं पोह्यांची बशी खाली ठेवली. "नदीपलीकडची? मतदारसंघच येगळा, राव! जमायचं कसं?"

मी त्यांची नक्कल शाळेपासून करतो. गणपतीत, हळदीत, कंपनीत शिफ्ट सुटताना. अर्थात त्यांच्या माघारी. समोर करायची छाती कुणाची?

मग मामांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सकाळी आत्याचा फोन. "तुला एकट्यालाच बोलावलंय. लई गप हायेत." संपलो! नक्कल कुणीतरी कानावर घातली होती. हॉस्पिटलचे दोन जिने चढेपर्यंत मी माफीची तीन भाषणं तयार केली.

मामा खाटेवर ताठ बसलेले. बसक्या आवाजात म्हणाले, "माझी नक्कल करतोस म्हणं."

"न्हाई मामा, ते आपलं पोरांनी…"

"कर."

आत्या खिडकीबाहेर बघायला लागली. मी घसा खाकरला आणि सुरू केलं, "सांगवीऽऽ, पिंपळे गुरवऽऽ, रहाटणीऽऽ, वाकडऽऽ…"

"थांब!" मामांनी खाटेवर हात आपटला. "थेरगाव काय पाण्यात गेलं? तिथं मान्सं न्हाईत?"

पुन्हा पहिल्यापासून. आता ताथवडे गळालं. पुन्हा. तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दारात. मी बाजूला सरकलो, तर मामा त्याला म्हणतात, "थांब भावा, पुकारा चाललाय." मग माझं मनगट घट्ट धरलं. "येवढा उरकू नगंस. गावाचं नाव घेतलं की जरा दम धर. लोकं हातातलं काम टाकून दारात येत्यात. आन् पुनावळ्याला आवाज खाली घे. तिथनं जीप माघारी वळायची."

स्ट्रेचर कॉरिडॉरमधून निघालं. मी शेजारून चालत गावं म्हणतोय, मामांचे ओठ हलतायत, नर्सा बघतायत. लिफ्टच्या दाराशी पुनावळे आलं. मी आवाज खाली घेतला. मामांनी मान डोलावली आणि मनगट सोडलं. त्यांनी आत जाताना काहीतरी म्हटलंही, पण दार लागलं.

आता ते बोलत नाहीत. गळ्याला पांढरा रुमाल बांधून रविवारी सकाळी माझ्या बाईकवर मागं बसतात. जुनं गाव आलं की खांद्यावर टिचकी, आणि मी हाक देतो. गाड्यांच्या गोंगाटात कोण ऐकतंय? पोरं वेडा म्हणून बघतात. परवा थेरगावच्या सिग्नलला मात्र मेथीच्या जुड्या बांधणारी एक म्हातारी हातातली जुडी तशीच टाकून उठली. रस्त्यावर इकडंतिकडं जीप शोधली आणि मलाच विचारलं, "आवंदा कोण उभं ऱ्हायलंय रं?"

मागं मामा हसले. आवाज नव्हताच, पण माझ्या पाठीला ते हसू जाणवलं. सिग्नल सुटला, हॉर्न वाजायला लागले, तरी मी गाडी जरा उशिरानंच पुढं काढली.